बाळाची छाती घरघरतेय? ब्रॉन्किओलायटिस कशाने होतो आणि डॉक्टर तो ओळखतात कसा

बाळाला सर्दी झाली की दोन दिवस नाक गळतं, किरकिर होते, झोप उडते आणि मग हळूहळू उतरतं, हे सगळ्यांना माहितीये. पण वर्षाच्या आतल्या बाळाची हीच सर्दी कधीकधी तिसऱ्या-चौथ्या दिवशी छातीत उतरते, पोट भराभर उडायला लागतं, श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, दूध प्यायला घेतलं की दोन घोट घेऊन तोंड फिरवतं, आणि डॉक्टर तपासून म्हणतात ब्रॉन्किओलायटिस आहे, एक्स-रे नको, रक्त नको, घरी न्या आणि लक्ष ठेवा. घरी आल्यावर मग आजी-आजोबांपासून सगळे विचारतात की कुठला व्हायरस आहे ते तरी कळायला नको का, आणि एवढी छाती वाजतेय तर टेस्ट कशी नाही केली. प्रश्न रास्त आहेत. पण या आजाराचं निदान रिपोर्टवर होतच नाही, ते डोळे, कान आणि घड्याळ यांच्यावर होतं, आणि त्यातली निम्मी माहिती आईबापांकडेच असते. ती गोळा कशी करायची हे सांगायला हे सगळं लिहितोय.

आधी आत काय होतंय ते बघू, म्हणजे पुढचं आपोआप कळेल. श्वासनलिकेला फांद्या फुटत फुटत शेवटी अगदी बारीक नळ्या होतात, त्या ब्रॉन्किओल्स. व्हायरस या नळ्यांच्या आतल्या अस्तरावर बसतो, अस्तराच्या पेशी मरून गळतात, भिंतीला सूज येते, चिकट कफ तयार होतो, आणि हे सगळं मिळून नळी आतून चोंदते. मोठ्या माणसाच्या नळ्या रुंद, त्याला फारतर खोकला होतो. बाळाची नळी मुळातच बारीक, आणि नळीची रुंदी अर्धी झाली की हवेला होणारा अडथळा दुप्पट नाही तर सोळापटीच्या आसपास वाढतो. म्हणून तोच व्हायरस बापाला नुसतं शिंकायला लावतो आणि तीन महिन्यांच्या पोराला धाप लावतो. हवा आत जाते पण बाहेर पडताना अडकते, छाती फुगलेली राहते, काही नळ्या पूर्ण बंद झाल्या की त्यांच्या मागचा फुप्फुसाचा भाग बसतो आणि ऑक्सिजन कमी पडायला लागतो. मुख्य भानगड सूज आणि कफाची आहे, दम्यासारखी नळीचे स्नायू आवळल्याची नाही, हे लक्षात ठेवा, पुढे औषधांच्या वेळी उपयोगी पडेल.

हा आजार दोन वर्षांच्या आतल्या मुलांचा, त्यातही पहिल्या वर्षातला, आणि सगळ्यात जास्त ३ ते ६ महिन्यांच्या बाळांमध्ये दिसतो. साधारण तीनातल्या एका बाळाला पहिल्या वर्षात तो होतो, पण हॉस्पिटलात ठेवावं लागतं ते १०० मधल्या २-३ बाळांना. म्हणजे आजार कॉमन आहे, बहुतेक बाळं घरीच बरी होतात.

व्हायरस कोणकोणते

पहिला नंबर आरएसव्हीचा, पूर्ण नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. निम्म्याहून जास्त केसेस याच्या. १९५६ मध्ये तो पहिल्यांदा सापडला तो माणसात नाही तर सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये, आणि लगेच नंतर आजारी बाळांमध्येही तोच निघाला. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला आरएसव्ही एकदा तरी होऊन जातो, बहुतेकांना साधी सर्दी म्हणूनच. एकदा झाला म्हणजे पुन्हा होणार नाही असंही नाही, आयुष्यभर होत राहतो, फक्त पुढच्या खेपांना जोर कमी असतो. आणि इथेच खरी गंमत आहे, घरातल्या ज्या मोठ्या माणसाला 'थोडं नाक वाहतंय फक्त' असं वाटत असतं तोच बऱ्याचदा बाळाला हा व्हायरस देतो.

त्यानंतर रायनोव्हायरस, म्हणजे साध्या सर्दीवाला. याने ब्रॉन्किओलायटिस झालेल्या मुलांमध्ये, खासकरून घरात दमा किंवा ॲलर्जी असेल आणि बाळाला एक्झिमा (खाजणारी, कोरडी पडणारी त्वचा) असेल तर, पुढे वारंवार छाती वाजण्याचं प्रमाण जास्त दिसतं. मग ह्युमन मेटान्यूमोव्हायरस, ज्याचं एचएमपीव्ही हे नाव २०२५ च्या जानेवारीत बातम्यांमध्ये इतकं गाजलं की लोकांना वाटलं नवीनच काहीतरी आलंय, पण तो २००१ मध्येच नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता आणि त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत फिरत होता. पॅराइन्फ्लुएन्झाचा टाइप ३ ब्रॉन्किओलायटिस करतो, टाइप १ आणि २ जास्त करून घसा बसून कुत्र्यासारखा भुंकणारा खोकला आणतात, ज्याला क्रूप म्हणतात. इन्फ्लुएन्झा आणि कोरोनाव्हायरसही यादीत आहेत, कोविडवाला धरून. बोकाव्हायरस २००५ मध्ये सापडला, पण तो बऱ्याचदा दुसऱ्या कुणाच्या तरी जोडीने सापडतो त्यामुळे त्याला किती दोष द्यायचा हा वादच आहे. ॲडेनोव्हायरस मात्र जरा वेगळा, ताप जास्त चढवतो, आणि क्वचित काही मुलांमध्ये बारीक नळ्यांना कायमची इजा करून जातो.

एकाच बाळात दोन व्हायरस सापडणंही अगदी नेहमीचं आहे.

पसरतो कसा, तर शिंका-खोकल्याच्या थेंबांतून आणि त्याहून जास्त हातांवरून. आरएसव्ही टेबल, खेळणी, पाळण्याचा कठडा अशा कडक पृष्ठभागावर काही तास टिकतो, तिथून हाताला, हातावरून बाळाच्या नाका-डोळ्यांत. शिरल्यापासून लक्षणं यायला साधारण ४ ते ६ दिवस लागतात, कधी २, कधी ८. आजारी माणूस लक्षणं यायच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरवायला लागतो आणि पुढे ३ ते ८ दिवस पसरवतो, पण तान्ही बाळं चार-चार आठवडेही व्हायरस बाहेर टाकत राहू शकतात. थंड देशांत याची लाट हिवाळ्यात येते, उष्ण भागांत बऱ्याच ठिकाणी पावसाळ्याच्या आसपास.

आता घरी काय बघायचं

सगळ्यात आधी कॅलेंडर. नाक कधी गळायला लागलं तो दिवस पहिला, तो कुठेतरी लिहून ठेवा. या आजाराची चाल बऱ्यापैकी ठरलेली असते, पहिले १ ते ३ दिवस नुसती सर्दी, मग खोकला आणि भराभर श्वास, ३ ते ५ दिवसांच्या मध्ये सगळ्यात वाईट, आणि मग उतार. डॉक्टर 'कितवा दिवस?' विचारतात ते उगाच नाही. दुसऱ्याच दिवशी बाळ धापा टाकत असेल तर अजून चढायचं बाकी आहे, लवकर पुन्हा बघावं लागेल, आणि तशाच धापा सहाव्या दिवशी असतील पण दूध बरं पीत असेल तर बहुधा उतार सुरू झालाय. तेच बाळ, तोच आवाज, पण दिवस बदलला की निर्णय बदलतो. त्यामुळे 'चार-पाच दिवसांपासून आहे हो' असं मोघम नका सांगू.

मग श्वास मोजणं, आणि हे नीट करा कारण बहुतेक जण चुकीचं मोजतात. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना मोजायचं, रडताना आणि दूध पिताना नाही. अंगातलं झबलं छातीच्या वर सरकवा, उजेड बाजूने येऊ दे, आणि पोटाकडे बघा, पोट वर येऊन खाली गेलं की एक. मोबाईलवर पूर्ण ६० सेकंद लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचा शॉर्टकट इथे चालत नाही कारण लहान बाळं मुळातच अनियमित श्वास घेतात, थोडं भराभर, मग पाच-दहा सेकंद थांबतात, मग पुन्हा सुरू, आणि तुम्ही नेमके त्या थांब्यात मोजलंत तर आकडा भलताच येतो. ताप असेल तर त्यानेही श्वास वाढतो म्हणून ताप उतरल्यावर परत मोजा. नाक गच्च असेल तर सलाइनचे थेंब टाकून साफ करा आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, कारण बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात आणि नुसतं नाक मोकळं झाल्यावर कितीतरी बाळं एकदम निवांत होतात. जागतिक आरोग्य संघटनेचे आकडे असे आहेत की दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, २ ते १२ महिन्यांत ५० किंवा जास्त, आणि १ ते ५ वर्षांत ४० किंवा जास्त म्हणजे श्वास वेगवान. दोनदा मोजूनही वर येत असेल तर दाखवायचंच.

आकड्याइतकीच महत्त्वाची श्वासासाठीची मेहनत. बरगड्यांच्या खालची कडा प्रत्येक श्वासाला आत ओढली जाते का, बरगड्यांच्या मधल्या फटी खोल दिसतात का, गळ्याच्या खालचा खळगा आत जातो का, नाकपुड्या फुलतात का, श्वासागणिक डोकं डुलतं का. श्वास सोडताना प्रत्येक वेळी कण्हल्यासारखा हुंकार येत असेल तर तो आवाज घरघरीपेक्षा जास्त काळजीचा, कारण फुप्फुस बसू नये म्हणून बाळ ताकद लावून हवा आत धरून ठेवतंय असा त्याचा अर्थ असतो. उलट काही बाळांची छाती लांबूनही ऐकू येईल इतकी वाजते पण ती हसत-खेळत असतात, त्यांच्याबद्दल मला तरी कमी भीती वाटते. आवाज मोठा म्हणजे आजार मोठा असं समीकरण नाहीये, हे घरातल्या मोठ्यांना पटवणं मात्र महाकठीण.

या सगळ्याचा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ काढून ठेवा, उघड्या छातीचा, चांगल्या उजेडात. दवाखान्यात पोचेपर्यंत बाळ झोपतं किंवा रडून लाल होतं, आणि रात्री तीनला तुम्ही जे बघितलं ते डॉक्टरांना दिसतच नाही.

तिसरी गोष्ट दूध आणि सू. श्वास आणि गिळणं एकाच वेळी जमत नाही म्हणून दूध कमी होणं ही बऱ्याचदा पहिली खूण असते. अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध मिलिलिटरमध्ये मोजता येत नाही, तिथे किती वेळा घेतलं, किती मिनिटं ओढलं आणि मध्येच दम लागून सोडलं का हे बघा. नेहमीच्या निम्म्या-पाऊण मापावर आलं असेल तर डॉक्टरांना फोन, आणि १२ तासांत डायपर ओला झालाच नसेल तर थेट दवाखाना.

ताप फार नसतो बहुधा, ३९ च्या खालीच. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल आणि ताप ३८ सेल्सिअस किंवा वर असेल तर मात्र छाती कशीही असो, दाखवा.

दवाखान्यात काय होतं

डॉक्टर आधी स्टेथोस्कोप न लावताच लांबून बघत बसतात, ते टाइमपास करत नाहीयेत, बाळ शांत असताना श्वास बघणं हीच मुख्य तपासणी आहे. मग छाती ऐकतात, दोन्ही बाजूंना बारीक कुरकुर आवाज आणि श्वास सोडताना शिट्टी ऐकू आली, आधी सर्दी होती, वय दोन वर्षांच्या आत, की निदान झालं. खरंच एवढंच.

त्यानंतर पायाला किंवा हाताला पल्स ऑक्सिमीटर. यात आकड्याबरोबर नाडीची लाट स्थिर आहे का ते बघावं लागतं, पाय गार असेल किंवा बाळ हलत असेल तर आकडा काहीही दाखवतो. म्हणून घरातलं मोठ्यांच्या बोटाचं ऑक्सिमीटर बाळाच्या अंगठ्याला लावून ८५ आलं म्हणून घाबरू नका आणि ९८ आलं म्हणून निवांतही होऊ नका. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी असतो त्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतं हेही लक्षात असू द्या. ऑक्सिजन कधी द्यायचा याचा आकडा देशोदेशी थोडा वेगळा, अमेरिकेच्या २०१४ च्या गाइडलाइनमध्ये ९० टक्क्यांच्या वर असेल तर न देण्याची मुभा आहे, ब्रिटनमध्ये सहा आठवड्यांच्या आतल्या किंवा आधीचे आजार असलेल्या बाळांना ९२ ची रेघ आणि बाकीच्यांना ९० ची.

आता एक्स-रे का नको. कारण ब्रॉन्किओलायटिसमध्ये बसलेल्या फुप्फुसाचे ठिपके एक्स-रेवर अगदी न्यूमोनियासारखे दिसतात, आणि एकदा का तो डाग फिल्मवर दिसला की अँटिबायोटिक लिहिलं जातं, जे व्हायरसवर काहीच करत नाही. फोटो काढून माहिती वाढत नाही, गोंधळ वाढतो. बाळ आयसीयूत नेण्याइतकं गंभीर असेल, एकाच बाजूला आवाज वेगळा येत असेल आणि ताप जास्त असेल, हृदयाची शंका असेल किंवा आजार ठरलेल्या चालीने उतरत नसेल तर एक्स-रे काढतात आणि काढायलाच पाहिजे. रक्ताचंही तसंच, सरसकट नाही. फार लहान बाळाला ताप असेल तर लघवी तपासतात कारण व्हायरससोबत लघवीचं इन्फेक्शनही असू शकतं.

राहिली व्हायरसची टेस्ट, नाकातून स्वॅब घेऊन. एक रॅपिड अँटिजेन, लवकर रिपोर्ट देते पण काही केसेस सुटतात, आणि दुसरी पीसीआर, ती जास्त अचूक आणि एकाच स्वॅबमध्ये बरेच व्हायरस शोधणारं पॅनेलही मिळतं. पण रिपोर्टमध्ये आरएसव्ही आला काय आणि मेटान्यूमो आला काय, घरी पाठवायच्या बाळाची काळजी तीच राहते. वर पीसीआर इतकी संवेदनशील की मागच्या सर्दीचा उरलासुरला रायनोव्हायरसही पकडते, मग आत्ताच्या आजाराचा गुन्हेगार तोच की दुसरा हे कळतच नाही. टेस्टचा खरा उपयोग कधी, तर वॉर्डात एकाच व्हायरसची बाळं एकत्र ठेवायची असतात तेव्हा, इन्फ्लुएन्झा किंवा कोविडची शंका असते तेव्हा (इन्फ्लुएन्झावर ऑसेल्टामिव्हिरसारखं औषध आहे), फार लहान तापाच्या बाळात पुढच्या तपासण्या ठरवायच्या असतात तेव्हा, किंवा आरएसव्हीपासून वाचवणाऱ्या तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन (त्याबद्दल शेवटी) घेऊनही बाळ आजारी पडलं तेव्हा.

दिसायला तसंच पण असतं दुसरं

इथे डॉक्टरांचं खरं कसब लागतं, आणि तुम्ही दिलेली माहिती इथेच कामी येते. सर्दीबिर्दी काही नव्हती, खेळता खेळता एकदम ठसका लागला आणि तेव्हापासून एकाच बाजूला छाती वाजते, तर काहीतरी श्वासनलिकेत अडकलंय का ते बघावं लागतं, बाळ रांगायला लागलं असेल तर जास्तच. खोकल्याची लांबलचक उबळ, उबळीत तोंड लाल-निळं, शेवटी उलटी आणि मधल्या वेळात बाळ अगदी ठीक, ही डांग्या खोकल्याची चाल, आणि अगदी लहान बाळात तो ठरावीक 'हूप' आवाज येतही नाही. दूध पिताना कपाळावर घाम, महिनोन्‌महिने वजन वाढत नाही, आणि सर्दीच्या आधीपासूनच दम लागतो, तर हृदय तपासायला हवं. श्वास आत घेताना आवाज येत असेल तर अडचण वर घशाकडे, सोडताना येत असेल तर खाली नळ्यांत. दोन वर्षांच्या पुढे किंवा सर्दी झाली की दर वेळी हेच होत असेल तर दम्याकडे झुकणारा विचार सुरू होतो.

औषधांचं थोडक्यात. नाक साफ, थोडं थोडं आणि वारंवार दूध, लागला तर ऑक्सिजन, पिणं जमत नसेल तर नळीने किंवा सलाइनने पाणी, बस. नेब्युलायझरमधलं साल्ब्युटामॉल (नळ्यांचे स्नायू सैल करणारं औषध), स्टिरॉइड, अँटिबायोटिक, कफ सिरप यांतलं काहीही नेहमीसाठी उपयोगी ठरलेलं नाही, आणि साल्ब्युटामॉल का नाही ते वर आलंच, स्नायू आवळलेलेच नाहीत तर सैल काय करणार. एक वर्षाच्या आत मध तर नकोच नको, आणि गरम वाफेच्या भांड्यापासून बाळ लांब ठेवा, भाजतं.

थांबायचं नाही असं केव्हा: श्वास मध्येच थांबला, अंग ढिलं पडलं, जीभ किंवा ओठ निळे-राखाडी झाले (सावळ्या बाळात तोंडाच्या आत आणि हिरड्यांवर बघा), सारखं कण्हतंय, छाती खोल आत जातेय किंवा उठवूनही नीट जागं होत नाही, तर ॲम्ब्युलन्स बोलवा, व्हिडिओबिडिओ नंतर. दीड-दोन महिन्यांच्या आतल्या आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये श्वास थांबणं हेच कधीकधी पहिलं लक्षण असतं, धाप लागायच्याही आधी. हृदयाचा जन्मजात आजार, फुप्फुसाचा जुना आजार, कमजोर प्रतिकारशक्ती, डाउन सिन्ड्रोम किंवा स्नायूंचा आजार असलेल्या बाळांसाठी वरच्या सगळ्या मर्यादा एक पायरी आधीच धरायच्या.

टाळायला हात धुणं, सर्दीवाल्यांनी पापे न घेणं, अंगावरचं दूध आणि घरात सिगरेट नाही हे तर आहेच. बाल्कनीत ओढून येणाऱ्याच्या कपड्यांवर धुराचा अंश असतोच, तेव्हा बाल्कनीचं कारण सांगू नका. आरएसव्हीची लस मात्र फार उशिरा आली, १९६० च्या दशकात केलेला पहिला प्रयोग उलटला होता, लस दिलेल्या बाळांनाच आजार जास्त तीव्र झाला आणि दोन दगावली, त्यानंतर कित्येक दशकं सगळे जपून होते. २०२३ पासून काही देशांत गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत द्यायची लस आणि बाळाला एकदाच टोचायची निर्सेविमॅब नावाची तयार अँटिबॉडी आली आहे, तुमच्याकडे मिळते का ते बाळ जन्माला यायच्या आधीच विचारून ठेवा. दोन्ही फक्त आरएसव्हीपासून वाचवतात, बाकीचे व्हायरस आहेतच.

खोकला लगेच जाणार नाही, दोन-तीन आठवडे रेंगाळतो आणि बहुतेकांचा त्यात संपतो, तेवढ्यासाठी दर दोन दिवसांनी डॉक्टर बदलू नका. चार आठवड्यांनंतरही ओला खोकला असेल, वजन अडकलं असेल किंवा मध्ये बरं होऊन पुन्हा ताप आला असेल तर मात्र परत दाखवा, आणि जाताना पहिल्या दिवसाची ती तारीख सोबत न्या.